नदी ओलांडली म्हणून आकडा बदलू नये : इंटरप्रिटर घडवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
प्रोग्रॅमिंग भाषांचे इंटरप्रिटर लिहिणारी आणि सांभाळणारी सर्व मंडळी

सप्रेम नमस्कार.

मी पैठणला संगणकाचे छोटे वर्ग घेतो. वर्गात दहा यंत्रं आहेत आणि दहाही वेगवेगळ्या घरची आहेत. काहींवर विंडोज, काहींवर लिनक्स, आणि दोन इतकी जुनी आहेत की त्यांवर ३२ बिटी प्रणालीच चालते. शिवाय मुलं स्वतःचे मोबाईल आणतात. गावाकडून येताना एसटीत जागा मिळाली की त्यावरच कोड लिहितात. तुम्ही ज्याला 'प्लॅटफॉर्म' म्हणता त्याचे बहुतेक नमुने माझ्या एका खोलीत सापडतील. आमचं सगळं काम तुम्ही लिहिलेल्या इंटरप्रिटरवर, म्हणजे आमचा कोड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालतं. ते तुम्ही बहुतेक वेळा एक रुपयाही न घेता दिलेलं आहे, याची जाणीव ठेवून हे पत्र लिहितो आहे.

मागणी आधीच सांगून टाकतो. तुमच्या भाषेत पूर्णांक किती रुंद असेल, म्हणजे त्याला किती बिटांची (० किंवा १ च्या घरांची) जागा मिळेल, हे तुमच्या भाषेनं ठरवावं. ते खालच्या यंत्रावर, प्रणालीवर किंवा सी भाषेच्या कंपायलरवर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर) सोडू नये. प्रोग्रॅम तोच, भरलेले आकडे तेच, तर उत्तरही सगळीकडे तेच यावं.

ही मागणी कशी सुचली ते सांगतो. गेल्या काही वर्षांतली गोष्ट आहे. पावसाळ्यात इथल्या प्रत्येक घरात एकच विषय असतो, धरण किती टक्के झालं. पेपरात रोज नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, उपयुक्त साठा येतो, दलघमीमध्ये, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये. पूर्ण भरल्यावर जायकवाडीचा उपयुक्त साठा होतो सुमारे २,१७१ दलघमी. मृतसाठा धरला तर एकूण सुमारे २,९०९. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं ठरवलं की रोजचा साठा घ्यायचा, त्याचे घनमीटर करायचे, आणि त्या पाण्याचे टँकर किती होतात ते काढून आलेख काढायचा. दहा हजार लिटरचा एक टँकर, म्हणजे दहा घनमीटर. तिच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. त्यामुळे दलघमी म्हणजे किती हे तिला टँकरमध्येच कळत होतं, आणि मला वाटतं घरच्यांनाही तिला ते तसंच दाखवायचं होतं.

प्रोग्रॅम तिनं भावाच्या लॅपटॉपवर लिहिला. भाऊ पुण्याला नोकरीला, लॅपटॉपवर लिनक्स. तिथं आलेख सरळ चढत गेला. २,१७१ दलघमीला २१ कोटी ७१ लाख टँकर. आनंदानं ती फाइल घेऊन वर्गात आली, आमच्या एका विंडोजच्या यंत्रावर चालवली, आणि थोड्या वेळानं मला हाक मारली, "सर, धरण भरलं अन् टँकर उणे झाले."

मी जाऊन पाहिलं. साठा २,१४७ दलघमी होता त्या दिवसापर्यंत आलेख बरोबर होता. दुसऱ्या दिवशी २,१४८, आणि रेघ सरळ खाली. उणे २१ कोटी ४६ लाख टँकर. शेवटच्या ओळीत, धरण पूर्ण भरलेलं असताना, घनमीटरच्या रकान्यात होतं उणे २,१२,३९,६७,२९६. एकही एरर नाही, एकही इशारा नाही. धरण ओव्हरफ्लो व्हायच्या आधीच, ९८.९ टक्क्यांना, आकडा ओव्हरफ्लो झाला होता.

आता माझी चूक कबूल करतो. मी तिला म्हणालो, "तूच कुठंतरी गडबड केलीस, परत तपास." आणि ती तासभर तपासत बसली. फाइल पुन्हा टाइप केली. गुणाकार दोनदा लिहून पाहिला. वहीवर हातानं मांडला. २१४८ गुणिले दहा लाख, यात चुकण्यासारखं काय आहे? शेवटी ती वही माझ्यापुढे धरून म्हणाली, "सर, हातानं बरोबर येतंय." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वीस वर्षं शिकवतोय, मला आधी कळायला हवं होतं. पण मला कळायला तास लागला, तर जिच्या घरात संगणक शिकणारी ती पहिलीच पिढी आहे, तिनं कुणाला विचारायचं? ती वर्गात नसती, एकटी घरी असती, तर तिनं हाच निष्कर्ष काढला असता की आपल्याला हे जमत नाही.

भाषेचं आणि लायब्ररीचं (तिनं वापरलेल्या तयार कोडच्या संचाचं) नाव इथं मुद्दाम घेत नाही, कारण हा दोष कुणा एकाचा नाही. त्याचं मूळ जुनं आहे.

सी भाषा जन्मली तेव्हा यंत्रायंत्रांत मोठा फरक होता. त्यामुळे 'इंट' म्हणजे त्या यंत्राला सोयीचा पूर्णांक, एवढंच ठरलं. पुढे प्रमाण आलं, त्यातही फक्त किमान मर्यादा सांगितली. 'इंट' निदान १६ बिट, 'लाँग' निदान ३२ बिट. वरची मर्यादा मोकळी. (आमच्याकडच्या नोट्समध्ये अजून 'इंट म्हणजे २ बाइट, कमाल ३२,७६७' असं छापलेलं असतं आणि मुलं ते पाठ करतात. टर्बो सीच्या काळातलं ते पाठांतर आहे.) मग ६४ बिटी प्रोसेसर आले. लिनक्स आणि युनिक्सच्या घराण्यानं 'लाँग' ६४ बिटाचा केला. विंडोजनं जुना कोड मोडू नये म्हणून 'लाँग' ३२ बिटाचाच ठेवला. दोघांचीही कारणं आपापल्या जागी खरी होती. पण त्याचा परिणाम असा की यंत्र ६४ बिटी, प्रोसेसर अगदी एकाच जातीचा, तरी 'लाँग' एका ठिकाणी दुप्पट आणि दुसऱ्या ठिकाणी निम्मा.

इंटरप्रिटर बहुतेक सी मध्येच लिहिले जातात. त्यांच्या लेखकानं 'आपल्या भाषेचा पूर्णांक म्हणजे सी चा लाँग' असं एका ओळीत लिहून टाकलं, की हा सगळा वारसा न सांगता वापरणाऱ्याच्या घरात येतो. ३२ बिटात चिन्हासह मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. त्याच्या पुढे एक पाऊल टाकलं की आकडा फिरून उणे बाजूला जातो. ६४ बिटात हीच मर्यादा १९ अंकी आहे. तिच्यापर्यंत आमच्या तालुक्याचा कुठलाच हिशोब पोचणार नाही.

माझे आजोबा कापडाचे व्यापारी होते. पैठण निजामाच्या राज्यात आणि गोदावरीपलीकडचं शेवगाव इंग्रजी मुलखात. आमच्याकडे चालायचा हाली रुपया, पलीकडे कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. दोन्हीकडे शब्द एकच, 'रुपया'. नदी ओलांडली की त्याची किंमत बदलायची. आजोबांच्या चोपडीत प्रत्येक रकमेपुढे 'हा' किंवा 'क' लिहिलेलं असायचं. मी लहानपणी विचारलं की हे कशाला, तर म्हणाले की अक्षर राहिलं तर भांडण लागतं, कारण घेणारा कलदार समजतो आणि देणारा हाली. १९४८ मध्ये निजामाची राजवट गेली, पुढे काही वर्षांत हाली चलनातून उठला आणि चोपडीतलं ते अक्षरही गेलं.

तुमच्या भाषेत पूर्णांकाला एकच नाव आहे, पण विंडोज आणि लिनक्सच्या मध्ये, जुन्या मोबाईल आणि नव्या लॅपटॉपच्या मध्ये एक गोदावरी वाहते आहे. आणि आकड्यापुढे 'हा' किंवा 'क' कुणी लिहीत नाही.

२१४ कोटी ही संख्या कागदावर मोठी दिसते, पण इथल्या साध्या व्यवहारातही ती कशी आडवी येते ते पाहा. मी मुलांना पहिल्यापासून सांगतो की रुपयांचा हिशोब दशांशात ठेवू नका, पैशांमध्ये पूर्णांक म्हणून ठेवा, म्हणजे पैशा-पैशाचा घोळ होत नाही. हा सल्ला बरोबर आहे, जगभर दिला जातो. पण ३२ बिटात पैसे ठेवले तर मर्यादा येते २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैशांवर. एखाद्या गावच्या पतसंस्थेच्या ठेवी यापुढे सहज जातात. जिनिंगवाल्याचं हंगामाचं कापसाचं पेमेंट जातं. म्हणजे माझा चांगला सल्ला पाळणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम एका यंत्रावर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक, आणि सल्ला न पाळणाऱ्याचा दोन्हीकडे जेमतेम बरा. हे मी वर्गात कोणत्या तोंडानं समजावू?

दुसरा अनुभव एका कृषी सेवा केंद्राचा. मालकानं शेतकऱ्यांची यादी ठेवण्यासाठी एका होतकरू मुलाकडून छोटा प्रोग्रॅम करून घेतला होता. बियाणं आलं, खताची गाडी लागली, की सगळ्यांना मेसेज जावा एवढाच उद्देश. मुलाच्या लॅपटॉपवर सगळं नीट चाललं. दुकानातल्या जुन्या यंत्रावर बसवलं, दोन दिवस नावं भरली, आणि मालकानं मला बोलावलं. पडद्यावर दीड-दोनशे शेतकरी, नावं वेगळी, गावं वेगळी, आणि प्रत्येकापुढे मोबाईल नंबर एकच : २१४७४८३६४७. आपल्याकडचा प्रत्येक मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे आकडा म्हणून वाचला तर निदान ६०० कोटी. ३२ बिटात त्यातला एकही मावत नाही. इंटरप्रिटरनं प्रत्येक नंबर आपल्या कमाल मर्यादेला आणून ठेवला आणि पुढे गेला. मूळ नंबर कुठेच उरले नव्हते. दोन दिवसांचं काम गेलं, आणि ज्या शेतकऱ्यांनी एकदाच येऊन नंबर सांगितला होता त्यांना पुन्हा गाठायचं कसं हा प्रश्न उरला.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील की मोबाईल नंबर हा मुळात आकडाच नाही, तो मजकूर म्हणून ठेवायला हवा होता. बरोबर आहे, मीही त्या मुलाला तेच सांगितलं. पण त्याच्या यंत्रावर ही चूक दिसलीच नव्हती, हा माझा मुद्दा आहे. चूक लिहिणाऱ्याच्या यंत्रावर झाली असती तर पाच मिनिटांत सुधारली असती. ती झाली वापरणाऱ्याच्या यंत्रावर, दोन दिवसांनी, गुपचूप.

तारखांचंही असंच आहे, ते थोडक्यात सांगतो कारण तुम्हाला ते माझ्याहून चांगलं माहीत आहे. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या ३२ बिटी घड्याळाची मर्यादा १९ जानेवारी २०३८ ला संपते, आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. लोकांना वाटतं अजून वेळ आहे. सुकन्या समृद्धीचं खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी मुदत पूर्ण होते. २०१८ मध्ये उघडलेल्या खात्याची मुदत २०३९ ची. म्हणजे ती तारीख आमच्या मुलींच्या पासबुकात केव्हाच येऊन बसली आहे, आणि वर्गातला एखादा मुलगा आज आईसाठी मुदतीचा हिशोब करणारा प्रोग्रॅम लिहील तर ३२ बिटी यंत्रावर तो आजच चुकू शकतो.

तुम्ही यावर काय म्हणता तेही मी वाचलेलं आहे, आणि त्यातलं सगळंच चूक आहे असं मला वाटत नाही.

वेगाचं म्हणाल, तर ३२ बिटी प्रोसेसरवर ६४ बिटी बेरजेला दोन सूचना लागतात, हातचा पुढे न्यावा लागतो. गुणाकाराला त्याहून जास्त, भागाकाराला तर चांगलाच वेळ. पण इंटरप्रिटरमध्ये एक बेरीज करायच्या आधी सूचना वाचायची, कोणती ते ओळखायचं, दोन्ही बाजूंचे प्रकार तपासायचे, उत्तराला जागा शोधायची, एवढं सगळं असतं. त्या सगळ्या वरातीत बेरीज स्वतः किती वेळ घेते? जिथं वेगच हवा तिथं माणूस इंटरप्रिटर निवडत नाही.

जागेचा आक्षेप जास्त वजनदार आहे. ३२ बिटी यंत्रावर एका मूल्याला प्रकाराची खूण आणि आकडा मिळून ८ बाइट पुरत असतील, तर ६४ बिटी आकड्यानं ते १२ किंवा १६ होतात. लहान यंत्रावर हे जाणवतं. पण यावर वाटा निघालेल्या आहेत आणि त्या तुमच्याच बांधवांनी काढल्या आहेत. ल्युआ भाषेत आधी सगळ्या संख्या ८ बाइटी दशांश प्रकारच्या होत्या. २०१५ च्या जानेवारीत ५.३ आवृत्तीत पूर्णांक आले ते ६४ बिटी, कारण ८ बाइटांची जागा मूल्यात आधीपासून होतीच. दुसरी वाट त्याहून मला भावते. लहान आकडा मूल्यातच ठेवायचा, मोठा झाला की त्याला बाहेर वेगळी जागा द्यायची, आणि वापरणाऱ्याला यातलं काहीही दिसू द्यायचं नाही. मायक्रोपायथन हेच करतं. आमच्या एका विद्यार्थ्यानं मोसंबीच्या बागेत ओलावा मोजायला ईएसपी३२ बसवलं आहे. ५२० किलोबाइट रॅमची, काही शे रुपयांची चिप. तिच्यावर मायक्रोपायथनमध्ये २१७१ गुणिले दहा लाख केलं की २,१७,१०,००,००० च येतं. त्याच वर्गात चार जीबी रॅमच्या यंत्रावर उणे आकडा येतो, आणि कारण म्हणून जागेची टंचाई सांगितली जाते. हे पटत नाही. आकडा घरात कसा ठेवायचा ते तुम्ही ठरवा, पण दारात येणाऱ्याला माप एकच मिळू द्या.

यादीची लांबी, मेमरीतला पत्ता, या गोष्टी यंत्राच्या रुंदीच्या असाव्या लागतात हे मान्य. त्यांना वेगळा प्रकार द्या, वेगळं नाव द्या. रस्टनं तसं केलं आहे, ३२, ६४ हे आकडे प्रकाराच्या नावातच आहेत आणि यंत्राच्या रुंदीचा प्रकार वेगळा. गो भाषेत मात्र नुसता 'इंट' अजून यंत्राप्रमाणे ३२ किंवा ६४ असतो. नेमक्या रुंदीचे प्रकार शेजारी आहेत, पण शिकणारा माणूस सगळ्यात छोटं नाव उचलतो. मी शेकडो मुलांना पहिली ओळ लिहिताना पाहिलं आहे, एकानंही स्वतःहून रुंदी लिहिलेली नाही. म्हणून 'ज्याला हवी त्यानं रुंदी लिहावी' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

जुने प्रोग्रॅम मोडतील, हा चौथा आक्षेप. काही मोडतील. पण जुनी व्यवस्था चालू ठेवायलाही लोक किंमत मोजत होतेच. पीएचपी भाषेत एखाद्या फाइलचा सीआरसी३२ (फाइल तपासायचा ३२ बिटी ताळा) काढला तर ३२ बिटी यंत्रावर तो अनेकदा उणे येतो आणि ६४ बिटीवर नेहमी अधिक. फाइल तीच, बेरजेचा ताळाही तोच, दिसतो मात्र वेगळा. जुळवाजुळव करण्यासाठी किती लोकांनी किती वर्षं जादा ओळी लिहिल्या असतील! ज्याला खरोखर ३२ बिटात फिरणारा आकडा हवा आहे, तो एक मास्क लावून, म्हणजे वरचे बिट पुसून, तो मिळवू शकतो. उलट्या बाजूनं, हरवलेले वरचे ३२ बिट कुणालाच परत मिळवता येत नाहीत.

आणि हे होऊ शकतं, कारण झालेलं आहे. जावानं १९९६ मध्ये पहिल्याच आवृत्तीत 'इंट' ३२ आणि 'लाँग' ६४ हे सगळ्या यंत्रांसाठी बांधून दिलं. पायथननं २००८ मध्ये आवृत्ती ३ मध्ये दोन पूर्णांक प्रकारांचा एक केला आणि मर्यादाच काढून टाकली. रुबीनं २०१६ च्या डिसेंबरात फिक्सनम (लहान पूर्णांक) आणि बिगनम (मोठे पूर्णांक) एका नावाखाली आणले. पीएचपीनं २०१५ च्या डिसेंबरात ७.० मध्ये ६४ बिटी विंडोजवरचा पूर्णांक ६४ बिटी केला. नम्पायनं (पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीनं) तेच २०२४ च्या जूनमध्ये, २.० मध्ये केलं. सामान्य माणसाच्या घरी ६४ बिटी विंडोज येऊ लागली २००५ पासून. म्हणजे एकाला दहा वर्षं लागली, दुसऱ्याला एकोणीस. ज्यांनी हे काम केलं त्यांनी लाखो ओळी तपासल्या असणार, शिव्याही खाल्ल्या असणार. त्या सगळ्यांचे मी इथून, पैठणहून, मनापासून आभार मानतो. पण यांतल्या शेवटच्या दोघांकडे ३२ बिटी यंत्रावर पूर्णांक अजून ३२ बिटीच आहे, आणि ती यंत्रं अजून आमच्याकडे आहेत. सेकंडहँड बाजारात शहरातलं जुनं यंत्र येतं ते आमच्या वर्गात येतं. स्वस्त मोबाईलमध्ये चिप ६४ बिटी असूनही वरची प्रणाली कित्येकदा ३२ बिटी असते. नवं यंत्र घेणाऱ्याला बरोबर उत्तर आणि जुनं वापरणाऱ्याला चुकीचं, असा भेद तुम्ही कधी मनात आणला नसेल. पण तो होतो आहे.

रुंदीइतकीच मोठी दुसरी गोष्ट, आकडा मावला नाही तर बोला. मर्यादा कुठेतरी असणारच, जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येलाही आहे, २ च्या ५३ व्या घातापुढे तिथं प्रत्येक पूर्णांक नेमका राहत नाही. पण ती मर्यादा मोबाईलवर आणि लॅपटॉपवर एकाच जागी आहे, त्यामुळे मी ती फळ्यावर लिहू शकतो. मर्यादा ओलांडली तर एरर द्या, किंवा मोठ्या पूर्णांकात न्या, पण गुपचूप फिरवू नका. सी मध्ये चिन्हासह पूर्णांक ओव्हरफ्लो झाला तर काय होईल याची भाषाच हमी देत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे बेरीज करून मग तपासणं उपयोगाचं नाही, आधी तपासावं लागतं. आता कंपायलर त्यासाठी तयार सोय देतात, सी च्या नव्या प्रमाणातही ती आली आहे. एक तपासणी म्हणजे प्रोसेसरची एक उडी, एक जादा सूचना. त्या एका उडीनं माझ्या विद्यार्थिनीचा एक तास वाचला असता आणि मी तिला जे बोललो ते बोललो नसतो.

थोडं आमच्याच मुलांना. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांपैकी काहीजण प्रोजेक्ट म्हणून स्वतःची छोटी भाषा आणि तिचा इंटरप्रिटर करतात. मी काही पाहिले आहेत, मराठी शब्दांत प्रोग्रॅम लिहिता येईल अशी भाषा करण्याची हौसही काहींना आहे. पोरांनो, पूर्णांकाची जागा ठरवताना तुमचा हात आपोआप 'लाँग' कडे जाईल. तिथं थांबा. सी मध्ये १९९९ च्या प्रमाणापासून नेमक्या रुंदीचे प्रकार आहेत, नावातच ६४ लिहिलेलं आहे, ते वापरा. फाइलमध्ये आकडा लिहिताना किती बाइट आणि कोणत्या क्रमानं हे पक्कं लिहा. आणि भाषेच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर एक वाक्य टाका की इथं पूर्णांक इतक्या बिटांचा, सगळीकडे. तुमची भाषा चार जणांनी वापरली तरी हे वाक्य तिथं असू द्या. नंतर बदलायला किती वर्षं लागतात ते वर लिहिलं आहेच.

मोठ्या मंडळींना माझ्याकडून एक देणं आहे. तुमच्यापैकी कुणाला जुन्या ३२ बिटी यंत्रावर, स्वस्त मोबाईलवर नवी आवृत्ती तपासून हवी असेल, तर माझा वर्ग त्या कामाला तयार आहे. रविवारी यंत्रं मोकळी असतात. मुलांना चाचण्या चालवायला शिकवलं आहे, निकाल नीट लिहून पाठवतील.

त्या मुलीनं तो प्रोग्रॅम ठेवला आहे. आता त्याच्या सुरुवातीला तिनं दोन ओळी घातल्यात, २१७१ गुणिले दहा लाख करून बघायचं आणि उत्तर उणे आलं तर थांबायचं. पुढच्या पावसाळ्यात धरण ९९ टक्क्यांच्या वर गेलं, की आम्ही तो दहाही यंत्रांवर आणि वर्गातल्या सगळ्या मोबाईलवर पुन्हा चालवणार आहोत, त्या दोन ओळी काढून.

आपला स्नेहांकित,
संगणक शिकवणारा एक शिक्षक
पैठण